हरवण्याआधी लिहून ठेवा: फोनचा आयएमईआय नंबर काढणं, तपासणं आणि ब्लॉक करणं

गणपतीत गाड्यांना होणारी गर्दी, आंगणेवाडीची जत्रा, शिमग्यात पालखी नाचवतानाची रेटारेटी, सुट्टीतला एसटी स्टँड. आपल्याकडे कोकणात फोन जातात ते बहुतेक अशाच ठिकाणी. फोन गेला की माणूस धावत पोलीस ठाण्यात जातो आणि तिथे ठाणे अंमलदार पहिला प्रश्न विचारतात, "आयएमईआय नंबर काय?" तो नंबर बहुतेकांकडे नसतो. मग घरी फोन करून "माळ्यावर डबा असेल तो बघ गो" सुरू होतं.

माझा फोन गेला तेव्हा ही सगळी वाट मी चाललो आहे. त्यानंतर वाडीतल्या कित्येकांचे अर्ज भरून दिले. ज्याच्याकडे नंबर तयार होता त्याचं काम पटकन झालं, ज्याच्याकडे नव्हता त्याला खेटे घालावे लागले. म्हणून हा लेख फोन हातात असणाऱ्यांसाठी आधी आहे, हरवलेल्यांसाठी नंतर. फोन आताच गेला असेल तर थेट सहाव्या पायरीवर जा.

१. हा नंबर म्हणजे काय

गाडीला जसा चेसिस नंबर, तसा फोनला आयएमईआय. पंधरा आकडी असतो. पहिले आठ आकडे कंपनी आणि मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका फोनचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा आधीचे चौदा बरोबर आहेत का हे पडताळण्यासाठी. सिम बदललं, मोबाइल नंबर बदलला, फोन फॉरमॅट केला, तरी आयएमईआय तोच राहतो.

हा नंबर आपण अर्ज करून मिळवायचा नसतो, तो कारखान्यातच पडतो. भारतात बनलेल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय पहिल्या विक्रीआधी सरकारकडे नोंदवणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि बाहेरून विक्रीसाठी माल आणणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. १ जानेवारी २०२३ पासून हा नियम आहे. "नवीन आयएमईआय काढून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघा. त्याबद्दल पाचव्या पायरीत लिहिलं आहे.

दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. दोन्ही लागतात.

२. नंबर काढा

फोन लावायच्या पडद्यावर *#०६# दाबा. कॉलचं बटण दाबायची गरज नाही, शेवटचा # पडला की नंबर समोर येतात. साध्या बटणाच्या फोनवरही हे चालतं, त्यामुळे आजीच्या फोनचाही नंबर आजच काढून ठेवता येईल.

याशिवाय नंबर मिळण्याच्या जागा:

- अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधलं "अबाउट फोन", आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट.
- डब्यावरचं बारकोडचं स्टिकर.
- दुकानाचं बिल. ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरमधून डाउनलोड होणारं बिल.
- हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्सचे कागद.
- बॅटरी निघणाऱ्या फोनमध्ये बॅटरीखालचं लेबल.

शेवटच्या जागेवर भरवसा ठेवू नका. होडीवर जाणाऱ्यांच्या फोनमध्ये बॅटरी काढून पाहिली की ते लेबल खाऱ्या हवेने पिवळं पडून फुगलेलं दिसतं, मधले चार-पाच आकडे पुसलेले असतात आणि बोटाने घासलं तर राहिलेलेही जातात. असा फोन सुरू होत असेल तोवर *#०६# ने नंबर घ्या.

डब्यावर एकाखाली एक बरेच नंबर छापलेले असतात, तिथे गोंधळ होतो. "एस/एन" हा कंपनीचा सिरीयल नंबर, तो घ्यायचा नाही. "ईआयडी" लिहिलेला लांबलचक बत्तीस आकडी नंबर ई-सिमचा, तोही नाही. सिमकार्डाच्या पाठीवरचा एकोणीस-वीस आकडी नंबर तर फोनचा नसतोच. "आयएमईआय १" आणि "आयएमईआय २" असं लिहिलेले पंधरा आकडी नंबर तेवढे आपले. काही फोनवर *#०६# केल्यावर नंबरापुढे तिरकी रेघ मारून आणखी दोन आकडे दिसतात. ते सोडा, आधीचे पंधरा घ्या.

३. लिहून ठेवा, आणि नीट लिहा

ही पायरी लोक टाळतात. पडद्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि तो त्याच फोनमध्ये ठेवतात. फोन गेला की स्क्रीनशॉटही गेला.

डबा आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावरचा पुठ्ठा ओल धरतो, बुरशी येते, वाळवी लागली तर डब्याची माती होते. दुकानातलं गुळगुळीत कागदाचं बिल वर्षा-दोन वर्षांत कोरं पडतं. फोन घेतला त्याच दिवशी डब्याच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवा. मुंबईतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे असलेला फोटो ऐन वेळी फार उपयोगी पडतो. शिवाय रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या ठेवता त्या फाइलमध्ये एका कागदावर घरातल्या सगळ्या फोनचे नंबर लिहा. कुणाचा फोन, कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, कुठल्या दुकानातून घेतला, कधी घेतला.

लिहिताना इंग्रजी आकडेच वापरा. आपल्या घरातली मोठी माणसं देवनागरीत आकडे लिहितात आणि अर्ज भरणारा ते इंग्रजी समजून वाचतो. देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा. पंधरा आकड्यांत असा एक जरी चुकला तरी पोर्टल नंबर नाकारतं, नाहीतर पोलिसांच्या नोंदीत भलताच नंबर जातो.

कागदावरचा नंबर बरोबर उतरला का हे फोन हातात नसतानाही तपासता येतं. समजा नंबर ४९०१५४२०३२३७५१८ असा आहे. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या चौदांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे आकडे दुप्पट करा. दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे मिळवा, म्हणजे ९ चे १८, त्याचे १ अधिक ८ म्हणजे ९. आता सगळ्यांची बेरीज करा. इथे ती ५२ येते. पुढच्या पूर्ण दहापर्यंत, म्हणजे ६० पर्यंत, किती हवेत? ८. शेवटचा आकडाही ८ आहे, म्हणजे नंबर बहुधा बरोबर उतरला आहे. उत्तर जुळलं नाही तर कुठलातरी आकडा चुकला आहे हे नक्की. दहावीतल्या मुलाला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

आणखी एक. हा नंबर कुणालाही देत सुटू नका. फोन विकायला काढला आणि फोटो टाकला तर स्टिकरवरचे नंबर झाका. तुमचा आयएमईआय दुसऱ्या फोनवर चढवला गेला तर त्रास तुम्हाला होतो.

४. जुना फोन घेताना तपासा

मुंबईहून येणारा जुना फोन स्वस्तात मिळतो, आठवडी बाजारातही कुणीतरी घेऊन येतो. पैसे देण्याआधी चार गोष्टी करा.

फोनवर *#०६# करून आलेला नंबर, सेटिंग्जमधला नंबर आणि डब्यावरचा नंबर जुळवा. तिन्ही जुळले तरच पुढे जा.

मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून, पंधरा आकडी आयएमईआय लिहा आणि १४४२२ वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. हातात सॅमसंगचा फोन आणि उत्तरात भलतीच कंपनी असेल तर नंबर बदललेला आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरही हीच तपासणी होते, पत्ता इंग्रजीत संचारसाथी डॉट जीओव्ही डॉट इन. जानेवारी २०२५ मध्ये त्याचं अ‍ॅपही आलं. ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासूनच टाकून द्यायचा आदेश सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये मागे घेतला, त्यामुळे घ्यायचं की नाही ते तुमच्यावर आहे. मेसेजने आणि पोर्टलवरही काम होतं.

उत्तरात "ब्लॅकलिस्टेड", "डुप्लिकेट" किंवा "ऑलरेडी इन यूज" असं आलं तर फोन घेऊ नका. विकणारा ओळखीचा असला तरी नको. चोरीचा निघाला तर तुमचं सिम त्यात पडल्याबरोबर तुमचा नंबर पोलिसांकडे जातो आणि फोनही जातो, पैसेही जातात.

चौथी गोष्ट कागद. मूळ बिल मिळालं तर उत्तम. नसेल तर साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, तारीख, रक्कम आणि दोन्ही आयएमईआय लिहून घ्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला" असं म्हणून हे टाळू नका. आपला माणूस असेल तर सही द्यायला त्याला अडचण नसते.

आंब्याच्या बागेत आणि होड्यांवर काम करणारे नेपाळी गडी इकडे फोन घेऊन गावी नेतात. नेपाळमध्येही फोनच्या आयएमईआय नोंदणीची यंत्रणा आहे. त्यांना फोन घेऊन देत असाल तर पक्कं बिल त्यांच्याच नावाने करा आणि डब्यासकट द्या.

५. दुरुस्तीला देताना, आणि नंबरच दिसत नसेल तर

खारं पाणी लागलेल्या फोनचा बोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पट्टी, बदलायची वेळ आपल्याकडे वारंवार येते. बोर्ड बदलला की आयएमईआय बदलू शकतो. मग डब्यावरचा नंबर एक आणि फोनमधला दुसरा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला असेल तर जॉबशीटवर (दुरुस्तीच्या कागदावर) जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहून मागा आणि ती डब्यात ठेवा. त्यासाठी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळपर्यंत जावं लागलं तरी जा. कोपऱ्यावरच्या दुकानात दुसऱ्या फोनचा बोर्ड घातला तर तो दुसरा फोन कुठून आला हे तुम्हाला कळत नाही, आणि तो ब्लॉक झालेला असेल तर तुमच्या फोनला नेटवर्क मिळणार नाही. दुरुस्तीला देण्याआधी आणि आणल्यावर, दोन्ही वेळा *#०६# करून पाहा.

कधी सॉफ्टवेअर मारताना बिघाड होतो आणि नंबराच्या जागी नुसती शून्यं किंवा "अननोन" दिसतं. सिम असूनही नेटवर्क येत नाही. अशा वेळी काही ठिकाणी "आयएमईआय रायटिंग" करून देतात. ते करून घेऊ नका. २०१७ च्या नियमांनी आयएमईआयमध्ये फेरफार करण्यावर बंदी आली आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा फेरफाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. बिल आणि डबा घेऊन सर्व्हिस सेंटरलाच जा.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी आयएमईआय नसलेले "चायना फोन" खूप होते आणि त्यांच्यात रीतसर नंबर घालून देण्याची सोय काही काळ अधिकृतपणे केली होती. ३० नोव्हेंबर २००९ नंतर नंबर नसलेल्या फोनची सेवा बंद झाली. त्या आठवणीवर आज कुणी "पैसे देऊन नंबर घालून मिळतो" म्हणत असेल तर त्याला सांगा, आज ते करणं गुन्हा आहे.

६. फोन गेला: पहिल्या दिवशी या क्रमाने करा

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी सगळीकडे फोन लावत बसतात आणि तेवढ्यात बँक खातं रिकामं होतं.

पैसे. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करा. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

शोध आणि कुलूप. दुसऱ्या फोनवर आपल्या गुगल खात्याने "फाइंड हब" किंवा अ‍ॅपल खात्याने "फाइंड माय" उघडा. फोन कुठे आहे ते पाहा, लॉक करा. आयएमईआय लिहून ठेवला नसेल तर इथे तो मिळतो: फाइंड हबमध्ये फोनच्या माहितीत, अ‍ॅपलमध्ये खात्याच्या उपकरणांच्या यादीत. फोन पुसून टाकायची घाई करू नका. अँड्रॉइड पुसला की त्यानंतर तो नकाशावर दिसत नाही.

सिम. कंपनीला सांगून सिम बंद करा आणि त्याच नंबरचं दुसरं सिम काढा. आधारकार्ड सोबत न्या. हे आधी करायचं कारण, पुढच्या अर्जाला ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर मेसेज सुरू व्हायला चोवीस तास लागतात. सिम लगेच मिळालं तरी ओटीपी त्याच दिवशी येत नाही. दुकानदाराशी भांडू नका, तसा नियम आहे.

पोलीस. ठाण्यात जाऊन लेखी अर्ज द्या. खिशातून मारला असेल तर "चोरी" लिहा, कुठे पडला ते कळलं नसेल तर "गहाळ". चोरी झाली आहे असं तुम्हाला वाटत असेल तर सोयीसाठी गहाळ लिहू नका. अर्जात दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, रंग, मोबाइल नंबर, ठिकाण, वेळ घाला. परत येताना शिक्का आणि नोंद क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. त्या कागदाशिवाय फोन ब्लॉक होत नाही.

हद्दीचा प्रश्न कोकणात नेहमी येतो. पनवेलला गाडीत बसलात, कुडाळला उतरताना फोन नाही, मधे तीन जिल्ह्यांची धास्ती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलं आहे. कुणी परत पाठवू लागलं तर हे कलम शांतपणे सांगा. गाडीत असतानाच लक्षात आलं तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर कळवा.

फोन समुद्रात पडला असेल तर हे सगळं करायचं नाही. सिम नवं काढा, झालं. बुडालेला फोन कुणी वापरणार नाही.

७. संचार साथीवर फोन ब्लॉक करा

ही सेवा देशात पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली, आणि मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलमधून देशभर चालते. पैसे लागत नाहीत. गावात रेंज नसेल तर सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) किंवा महा ई-सेवा केंद्रात बसून करा, केंद्रवाला त्याचं सेवाशुल्क घेईल तेवढंच.

सोबत ठेवा:

- दोन्ही आयएमईआय
- हरवलेला मोबाइल नंबर, त्याचं नवं सिम सुरू झालेलं
- कंपनी आणि मॉडेलचं नाव
- फोनच्या बिलाचा फोटो
- पोलीस तक्रारीची प्रत आणि तिचा क्रमांक
- ओळखपत्राची प्रत
- कुठे, कधी हरवला, आणि ठाण्याचं नाव

पोर्टलवर हरवलेला किंवा चोरीचा मोबाइल ब्लॉक करण्याचा पर्याय निवडा. पहिल्या भागात फोनची माहिती, दुसऱ्यात हरवल्याची, तिसऱ्यात मालकाची. दोन सिमचा फोन असेल तर दुसरा आयएमईआय भरायला विसरू नका. एकच ब्लॉक झाला तर फोन दुसऱ्या खोबणीतल्या सिमवर चालत राहतो. जिल्हा आणि ठाणं पोलिसांच्या कागदावर आहे तेच निवडा. कागद साफ वाचता येतील असे पण छोट्या आकाराच्या फाइलमध्ये स्कॅन करा, मोठी फाइल अडकते आणि वीज गेली की सगळं पहिल्यापासून.

शेवटी ओटीपी टाकला की रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो लगेच कागदावर लिहा. अर्जाची स्थिती त्यावरच कळते आणि फोन सापडल्यावर सोडवायलाही तोच लागतो.

अर्ज मंजूर झाला की चोवीस तासांत फोन ब्लॉक होतो. त्यावर देशातल्या कुठल्याही कंपनीचं सिम चालत नाही. पण वायफाय चालतं, आणि आतले फोटो, मेसेज तसेच राहतात. म्हणून आधी लॉक करायला सांगितलं. ब्लॉक केल्याने पोलिसांचा तपास थांबत नाही. कुणी त्यात सिम घालायचा प्रयत्न केला तर त्याची माहिती यंत्रणेतून पोलिसांपर्यंत पोचते. अधूनमधून ठाण्यात पोच दाखवून विचारत राहा.

या काळात फसवणारे गाठतात. "तुमचा फोन सापडला आहे, ही लिंक उघडा, पासवर्ड टाका" असा मेसेज येतो. आयफोनवाल्यांना हे जास्त येतात, कारण चोराला खात्याचा पासवर्ड हवा असतो. लिंक उघडू नका. "आयएमईआयवरून लोकेशन काढून देतो" म्हणणाऱ्यालाही एक रुपया देऊ नका. ते काम मोबाइल कंपन्यांच्या मदतीने पोलीसच करू शकतात.

८. फोन सापडला तर

पोलिसांनी बोलावून फोन दिला की आधी *#०६# करून नंबर तुमचाच आहे ना ते बघा, मग पावतीवर सही करा. पोर्टलवर सापडलेला मोबाइल अनब्लॉक करण्याचा पर्याय आहे. तिथे रिक्वेस्ट आयडी, मोबाइल नंबर, कारण आणि ओटीपी टाका. शेजाऱ्याला सापडला किंवा घरातच कपाटामागे मिळाला, तर आधी ठाण्यात कळवा, मग अनब्लॉक करा. अनब्लॉक होईपर्यंत त्यात सिम चालणार नाही, म्हणून फोन बिघडला समजून दुरुस्तीला टाकू नका. सुरू झाल्यावर सगळे पासवर्ड बदला आणि यूपीआय नव्याने नोंदवा.